मिरजेचे डॉक्टर : सर विल्यम वानलेस



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणादिवशी, आपली ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस नेमून दिला आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. डॉक्टरांची आणि परिचारिकांचीही आठवण करतो. पण रुग्णालयात आणखीही काही माणसे असतात. औषधे संपण्याआधी मागवणारा, खाटांचा हिशोब ठेवणारा, पहिल्या तारखेला पगाराची सोय करणारा, पावसाळ्याआधी छप्पर तपासून घेणारा. त्यांचे नाव कोणत्याही केसपेपरवर नसते आणि आपल्या प्रार्थनेतही ते क्वचितच येते. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते नावाजलेले शल्यचिकित्सक तर होतेच, पण ही सारी कामेही त्यांनी जन्मभर केली.

आपल्या वरळी कोळीवाड्यात कुणी अचानक आजारी पडले की आपण नायरला धावतो, नाहीतर केईएमला. नायर रुग्णालय १९२१ साली सुरू झाले आणि केईएम १९२६ साली. त्याआधीही मुंबईत १८४५ पासून जे. जे. होते, १८८६ पासून कामा होते. गर्दी असेल, रांग असेल, पण मुंबईकराला रुग्णालयाचा दरवाजा तरी ठाऊक होता. त्याच काळात दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यात कुणाचे पोट दुखू लागले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, कुणी बाळंतीण अडली, तर बैलगाडी जुंपून जायचे कुठे, हा प्रश्न होता. कोल्हापूरला संस्थानचे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होते. तेथील स्त्रियांच्या विभागासाठी आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती, पण अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने देवाघरी गेल्या. एवढ्या मोठ्या मुलखात एखादा शिकलेला डॉक्टर मिळणे किती दुर्मीळ होते, हे यावरून समजते.

आनंदीबाईंच्या मृत्यूला तीन वर्षे होण्याआधीच एक तरुण डॉक्टर सांगलीला येऊन पोहोचला. त्यांचे नाव विल्यम जेम्स वानलेस. आज मिरज म्हटले की लोकांना तंबोरे आठवतात, मीरासाहेबांचा दर्गा आठवतो आणि दवाखाने आठवतात. या तिसऱ्या गोष्टीची सुरुवात ज्यांच्या हातून झाली त्यांची ही जीवनकथा.

कोल्हापूरहून गेलेली हाक

विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि १८८९ साली डॉक्टर झाले. हुशार तरुण डॉक्टरला त्या शहरात कामाची आणि पैशाची कमतरता नव्हती. तरीही ते इकडे कसे आले, याची कथा मोठी रंजक आहे, कारण तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापूरला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत शिकत असताना, १८८६ च्या उन्हाळ्यात, माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात रॉबर्टने पुढाकार घेतला आणि शंभर तरुणांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी दाखवली. त्यानंतर रॉबर्ट आणि त्याचा एक सोबती अमेरिका आणि कॅनडातील महाविद्यालये पालथी घालत फिरले. या चळवळीला सुरुवातीच्या काळातच जे विद्यार्थी येऊन मिळाले, त्यांच्यात वैद्यकीचे विद्यार्थी वानलेस होते. कोल्हापूरच्या मातीत जन्मलेल्या एका मुलाने दिलेली हाक साता समुद्रापार गेली आणि तिचे उत्तर पुन्हा कोल्हापूरच्या शेजारी, कृष्णाकाठी येऊन पोहोचले. परमेश्वराच्या योजना अशाही असतात.

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वानलेस यांना सांगलीला नेमले. १८८९ च्या अखेरीस ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. त्यांचे वय तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते.

सांगलीतील पहिली वर्षे

सांगलीत त्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला. मराठी भाषा शिकणे हे पहिले काम होते. भाषा कळल्याशिवाय रोग्याचे दुखणे कळत नाही आणि दुखणे कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

त्या काळी ऑपरेशन या गोष्टीची लोकांना मोठी धास्ती होती. शस्त्र म्हणजे मृत्यू असाच समज होता आणि तो अगदीच खोटा होता असेही नाही. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जगापुढे मांडली होती, पण खेड्यापाड्यांपर्यंत ती पोहोचायला वेळ लागत होता. क्लोरोफॉर्म देऊन रोग्याला भूल द्यायची, हत्यारे उकळून घ्यायची, हात स्वच्छ धुवायचे, एवढ्या साध्या गोष्टींवर रोग्याचे जगणे-मरणे अवलंबून होते. मोतीबिंदू आणि मुतखडा या दोन दुखण्यांनी दक्षिण महाराष्ट्रातील माणसे बेजार होती आणि दोन्हींवर शस्त्रक्रियेचाच उपाय होता.

मोतीबिंदूचे ऑपरेशन डॉक्टरच्या मदतीला लवकर धावून येते. पोटातली गाठ काढली तर ती घरच्यांना दिसत नाही. पण हात धरून आणलेला आंधळा म्हातारा आपल्या पायांनी परत गावात चालत आला, की ती बातमी सांगायला वेगळा माणूस लागत नाही. वानलेस यांचे नाव असेच गावोगाव गेले.

लवकरच सांगलीचा दवाखाना अपुरा पडू लागला. एक खोली, एक डॉक्टर आणि दारात उभी रांग यांतून कुणाचे तरी दुखणे बरे होते, पण रुग्णालय उभे राहत नाही. रोग्याला रात्री ठेवायला जागा हवी, त्याच्याकडे पाहायला शिकलेले माणूस हवे, पाणी हवे, शौचालय हवे. म्हणजे पैसा हवा आणि जमीनही हवी.

मिरजच का?

१८९२ साली वानलेस यांनी आपले काम सांगलीहून मिरजेला नेले. अंतर फारसे नव्हते, पण निवड विचारपूर्वक केलेली होती. पुण्याहून बेळगावकडे जाणारी रेल्वे मिरजेवरून जात होती आणि १८९१ साली कोल्हापूर-मिरज फाटाही सुरू झाला होता. चारही दिशांनी माणसे जिथे उतरतात तिथे रुग्णालय असावे, हा साधा व्यवहार त्यांनी पाहिला. मराठी आणि कानडी असा दोन्ही भाषांचा मुलूख या एका स्टेशनाला जोडलेला होता. आपल्या बंदराची जागा आपल्या पूर्वजांनी वारा आणि खडक पाहून निवडली, तसेच हे झाले.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते. संस्थानाकडून जागा मिळाली. इमारतीसाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातले जॉन कॉन्व्हर्स नावाचे गृहस्थ पुढे आले. ते रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे एक मालक होते. इंजिनांच्या धंद्यातला पैसा रेल्वेच्या जंक्शनजवळच्या रुग्णालयाला लागला, हा योगायोग मनात राहतो. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय सुरू झाले.

डॉक्टर आणि कारभारी

येथून पुढे वानलेस यांना दोन आयुष्ये एकाच वेळी जगावी लागली. सकाळी ऑपरेशनचे टेबल असे आणि त्यानंतर जमाखर्चाची वही. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ही कामे वेगवेगळी माणसे करतात. खेड्यातल्या मिशन रुग्णालयात ती एकाच माणसाच्या गळ्यात पडत. पुढे आफ्रिकेत डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्याही वाट्याला हेच आले. १९१३ साली गॅबनमधील लांबारेने या गावी त्यांनी रुग्णालय सुरू केले आणि ते चालवण्यासाठी त्यांना युरोपात ऑर्गनचे कार्यक्रम व व्याख्याने करून पैसा उभा करावा लागला. श्वाइट्झर यांचे नाव जगभर झाले. पण त्यांच्या आधी जवळजवळ वीस वर्षे आपल्या मिरजेत हाच संसार मांडला गेला होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे.

पैशाचा प्रश्न वानलेस यांनी कसा सोडवला हे समजून घेण्यासारखे आहे. सगळ्यांना सगळे फुकट द्यावे, तर परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर कायम अवलंबून राहावे लागेल आणि तो ओघ आटला की दरवाजा बंद होईल. सगळ्यांकडून पैसे घ्यावेत, तर ज्याच्यासाठी रुग्णालय उघडले तो गरीबच दारातून परत जाईल. म्हणून ज्याला परवडते त्याच्याकडून योग्य ती फी घ्यायची आणि त्यातून ज्याला परवडत नाही त्याचा इलाज करायचा, असा मार्ग धरला गेला. संस्थानिक, सावकार, व्यापारी, अधिकारी उपचारासाठी येऊ लागले, तसे गरिबांचे वॉर्डही वाढले. रुग्णालय बव्हंशी आपल्या पायांवर उभे राहिले. यासाठी डॉक्टरच्या हाताला जसे यश लागते तसा हिशोबही चोख लागतो. आलेला एकही रुपया वाटेत हरवता कामा नये, कारण तो कुणा गरिबाच्या औषधाचा असतो.

माणसांचाही प्रश्न होताच. त्या काळी रोग्याबरोबर घरची दोन-चार माणसे येत, त्यांचा मुक्काम पडे, चुली पेटत. प्रत्येक जातीचे खाण्यापिण्याचे नियम निराळे होते. ब्राह्मण, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि ज्यांना गाव शिवूनही घेत नसे ती माणसे, सगळी एकाच दारातून आत येणार होती. कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा ही गोष्ट अवघड होती. एकाच हाताने, एकाच हत्याराने, एकाच टेबलावर सर्वांचे ऑपरेशन होणे, यात बरेच काही आले.

तशातच संकटे आली. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो रेल्वेच्या वाटेने दख्खनभर पसरला. त्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, दोन मोठे दुष्काळ पडले. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी प्लेगच्या आठवणी होत्या. घरे सोडून माणसे माळावर झोपड्यांत राहायला जात. अशा दिवसांत रुग्णालय उघडे ठेवणे, कामगारांना धीर देणे आणि धान्य पुरवून वापरणे, हे सारे कारभाऱ्याचेच काम असते.

शिकवून ठेवलेले हात

वानलेस यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, असे कुणी विचारले तर मी १८९७ सालाकडे बोट दाखवीन. त्या वर्षी त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. एक डॉक्टर दिवसात किती रोगी पाहणार? आणि तो आजारी पडला, मायदेशी गेला किंवा मरण पावला, तर पुढे काय? म्हणून इथल्याच तरुणांना शिकवायचे त्यांनी ठरवले. मिरजेत शिकून तयार झालेले तरुण वेगवेगळ्या मिशनांच्या दवाखान्यांत कामाला गेले. परिचारिकांचेही शिक्षण येथे होऊ लागले. त्या काळी घरंदाज बाईने परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे कमीपणाचे मानले जाई. हे काम मानाचे आहे, हे समाजाला पटवून देण्यात ख्रिस्ती मुलींचा मोठा वाटा आहे. आपल्या समाजातील कितीतरी मुली पुढे परिचारिका झाल्या, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे बोटीवर तांडेल कितीही तयारीचा असला, तरी तो एकटाच सुकाण धरून बसत नाही. सोबतच्या पोराला तो वारा कसा ओळखायचा, जाळे कुठे सोडायचे हे दाखवतो. एखादे दिवशी सुकाण त्याच्या हातात देतो आणि आपण गप्प बसून पाहतो. ते गप्प बसणेच सर्वांत कठीण असते. स्वतः पाच मिनिटांत होणारे काम शिकाऊ माणसाला अर्धा तास करू द्यायचे, याला मोठा संयम लागतो. नावाजलेल्या शल्यचिकित्सकाला तर तो फारच लागतो. वानलेस यांनी हा संयम वर्षानुवर्षे राखला.

घरातील दुःख

१९०६ साली मेरी वानलेस यांचे निधन झाले. सांगलीच्या पहिल्या दवाखान्यापासून त्या पतीच्या कामात सोबत होत्या. सतरा वर्षांच्या संसारात नवा मुलूख, नवी भाषा, प्लेग, दुष्काळ, सगळे त्यांनी पाहिले होते. पत्नी गेल्यावर कॅनडाला परत जायला कुणीही दोष दिला नसता. डॉ. वानलेस मिरजेतच राहिले. पुढे त्यांनी लिलियन यांच्याशी विवाह केला. याच लिलियनबाईंनी पतीच्या मृत्यूनंतर त्यांचे चरित्र लिहिले, ते १९४४ साली प्रसिद्ध झाले.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचा डॉ. वानलेस यांच्याशी स्नेह होता. बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या या राजाला मिरजेच्या रुग्णालयाचे मोल कळत होते. कोल्हापुरात मिशनचे जे रुग्णालय उभे राहिले त्याला मेरी वानलेस यांचे नाव देण्यात आले. आपल्या माणसाच्या नावाने लोक मंदिरात दगड बसवतात, चर्चमध्ये बाक ठेवतात. मेरीबाईंच्या नावाने आजाऱ्यांना खाट मिळाली.

ज्यांना कुणी जवळ घेत नव्हते

मिरजेच्या रुग्णालयाचे नाव झाल्यावर तेथे थांबता आले असते. पण दोन रोग असे होते की ज्यांचे रोगी साध्या वॉर्डात ठेवता येत नव्हते आणि ज्यांना घरचेही ठेवून घेत नव्हते. पहिला महारोग, म्हणजे कुष्ठरोग. त्यावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते, ते १९४० नंतर आले. वानलेस यांच्या पुढाकाराने १९०० साली मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी निवारा सुरू झाला. रोग बरा करता येत नव्हता, पण जखमा धुता येत होत्या, पोटाला अन्न देता येत होते आणि माणसाला नावाने हाक मारता येत होती. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करण्याआधी हात लावला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो.

दुसरा रोग क्षय. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले होते, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. मधल्या साठ वर्षांत मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच काय तो उपाय होता. त्यासाठी १९२० च्या सुमारास सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. त्याच्या भोवती वस्ती वाढत गेली. तिला लोक वानलेसवाडी म्हणू लागले आणि तेच नाव आजही आहे. सरकारी हुकुमाने रस्त्यांना नावे मिळतात. पण परदेशी माणसाच्या नावापुढे लोकांनी आपला वाडी हा शब्द लावला, म्हणजे त्यांनी त्याला आपल्यातला मानले.

मान आणि निरोप

सरकारने डॉ. वानलेस यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि १९२८ साली सर हा किताब दिला. हे सांगताना एक गोष्ट लपवू नये. तो काळ परक्यांच्या राजवटीचा होता. त्याच १९२८ साली बार्डोलीचे शेतकरी सरकारविरुद्ध सत्याग्रह करत होते. मिशनरी मंडळी त्या राजवटीच्या आश्रयाने वावरली, हा आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यायलाच हवा. मिरजेच्या रुग्णालयात प्रभूचे शुभवर्तमान उघडपणे सांगितले जाई, हेही खरे. पण इलाजासाठी धर्म बदलण्याची अट नव्हती. बहुतेक रोगी जसे आले तसे, आपापल्या देवाचे नाव घेत, बरे होऊन घरी गेले. ज्या हाताने डोळ्यावरची पट्टी सोडली त्या हाताचे त्यांना विस्मरण झाले नाही.

किताब मिळाला त्याच वर्षी, १९२८ साली, डॉ. वानलेस यांनी भारताचा निरोप घेतला. चोविसाव्या वर्षी आलेला तरुण त्रेसष्ट वर्षांचा होऊन परत गेला. १९३३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

मिरजेचे दार त्यांच्या जाण्याने बंद झाले नाही. डॉ. चार्ल्स व्हेल हे त्यांचे अनेक वर्षांचे सहकारी होते. त्यांनी कारभार हाती घेतला. संस्थापकाच्या मृत्यूनंतरही रुग्णालय कित्येक दशके वाढत राहिले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी या रुग्णालयाचा उपयोग झाला. १८९७ साली लावलेल्या रोपट्याची फांदी अशी दूरवर गेली. मिरजेत पुढे जे शेकडो डॉक्टर आले, खाजगी रुग्णालये निघाली, त्या सगळ्यांची वाट आधी या एका दारातून गेली आहे.

आपण काय घ्यावे?

वानलेस प्रॉटेस्टंट पंथाचे होते. मग आपल्या कॅथलिक पत्रकात त्यांची कथा का, असे कुणाच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आपल्या आदेशात सांगितले आहे की, आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बांधवांमध्ये पवित्र आत्म्याने जे चांगले घडवले ते आपण आनंदाने ओळखावे. शिवाय आपल्याला थोडे नम्र करणारी एक गोष्ट इतिहासात आहे. त्या काळी धर्मभगिनी आणि धर्मगुरू यांना शस्त्रक्रिया व बाळंतपणाचे काम करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांची आडकाठी होती. डॉ. ॲना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींची संस्था सुरू केली, तेव्हाही ही आडकाठी होतीच. ती रोमने १९३६ साली दूर केली. त्यानंतर कॅथलिक भगिनींनी देशभर रुग्णालये चालवली आणि त्या कामाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण वाट आधी कुणी चालून दाखवली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमी माणसाला त्याने तेल आणि द्राक्षरस लावला, आपल्या जनावरावर बसवले, एवढे आपल्याला चटकन आठवते. पुढचा भाग आपण विसरतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी काढून दिली, जास्त खर्च झाला तर परतताना फेडण्याचे कबूल केले आणि मग तो आपल्या वाटेने गेला. जखम बांधणे ही दया आहे आणि उद्याच्या खर्चाची तजवीज करून जाणे हीदेखील दयाच आहे. वानलेस यांचे सारे आयुष्य या दुसऱ्या दिवसाच्या कामात गेले.

आपल्या धर्मग्रामातही अशी कामे आहेत. आजारी शेजाऱ्याला पाहायला आपण जातो, ते चांगलेच आहे. पण त्याचे केसपेपर कोण सांभाळणार, सरकारी योजनेचा अर्ज कोण भरणार, रक्ताच्या बाटलीसाठी कोण फोन करणार, रात्री सोबतीला कोण बसणार? इंग्रजी फॉर्म पाहून गोंधळलेल्या म्हाताऱ्या बाईबरोबर सकाळी रांगेत उभे राहणे, हेही प्रभूचेच काम आहे. आपल्या तरुण मुलामुलींना डॉक्टर आणि नर्स होण्यास आपण उत्तेजन देतो. रुग्णालयाचा कारभार, हिशोब आणि व्यवस्था पाहण्याचे शिक्षणही आता मिळते. तिकडेही त्यांनी वळावे. प्रामाणिक कारभारी नसेल, तर उत्तम डॉक्टर असूनही गरिबाच्या हाती औषध पडत नाही.

आणि जे कोणतेही काम सांभाळतात, मंडळाचे असो, सोसायटीचे असो वा चर्चचे, त्यांनी आपल्यामागे कोण, हा प्रश्न आजच स्वतःला विचारावा. आपल्याशिवाय काम चालत नाही, यात पुष्कळांना समाधान वाटते. वानलेस गेल्यावरही मिरजेत सकाळी दार उघडले, बाकावर रोगी बसले आणि कुणीतरी शिकलेल्या हातांनी पहिली पट्टी सोडली.

या रविवारी मिस्सामध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होईल, तेव्हा त्यांच्याबरोबर रुग्णालयांचे दार उघडे ठेवणाऱ्या सर्व अनाम कारभाऱ्यांचीही आठवण करू या. प्रभू त्यांना बळ देवो आणि आपल्यातूनही असे सेवक घडवो.